मावशीची विहीर आणि साहेबांचा डिले

आमच्या धंद्यात डिले ही चांगली गोष्ट असते, हे मी आजवर इतक्या जणांना समजावलंय की आता बोलताना मला माझाच कंटाळा येतो. सगळे मान डोलावतात. शेठ डोलावतात, शेठचा जावई डोलावतो, साहेब तर इतकी डोलावतो की वाटावं, आता मुंडकं गळून टेबलावर पडतं की काय. आणि दुसऱ्या दिवशी तोच प्रश्न, त्याच तोंडानं.

साहेबाला अहोजाहो करायचं ते तोंडावर. इथं मी त्याला 'तो'च म्हणणार आहे. तेवढी मोकळीक मला असू द्या.

तर डिले. दगडात ओळीनं होल पाडतात, त्यात दारू भरतात आणि उडवतात. रस्त्यानं जाणाऱ्याला वाटतं, एक धडाका झाला आणि संपलं. पण नीट केलेल्या ब्लास्टिंगमध्ये एक धडाका नसतोच. पहिला होल फुटतो, डोळ्याचं पातं लवायच्या आत दुसरा, मग तिसरा. दोन होलांच्या मधलं ते इवलंसं अंतर म्हणजे डिले. एसटीतून माणसं एकामागून एक उतरली तर दाराचं काही बिघडत नाही. सगळी एकदम घुसली तर दार उखडून हातात येतं. जमिनीचंही तसंच आहे. डिले ठेवला तर हादरा वाटला जातो. ठेवला नाही तर सगळा एकाच वेळी जमिनीतून सुटतो आणि आधी जे लागेल त्याला जाऊन धडकतो. सातवीतल्या पोरीला सांगितलं तर तिला कळेल. एमबीए झालेल्याला कळत नाही.

मी या गिट्टी खदानीत प्लॅनिंगला आहे. प्लॅनिंगला म्हणजे पत्र्याच्या केबिनमध्ये, कॉम्प्युटरसमोर. मायनिंगचा डिप्लोमा केला तेव्हा आमच्या नातेवाइकांनी तोंडाला पदर लावून हसून घेतलं, बाईमाणूस सुरुंग लावणार म्हणे. आता त्यांचीच पोरं नोकरीसाठी माझ्याकडे खेटे घालतात. गोंदियाजवळ कुडव्यात राहते, सकाळी स्कूटी काढते आणि गोरेगावच्या रस्त्यानं खदानीवर पोचेपर्यंत धुळीनं पांढरी होते. केबिनमध्ये पंखा आहे, तो धूळ इकडून तिकडे नेऊन ठेवतो.

सॉफ्टवेअर आलं त्या दिवशी खदानीत लग्नघर झालं होतं. विकणारा पोरगा टाय लावून आला. उन्हाळ्यात, गोंदियात, खदानीवर, टाय! त्यानं भिंतीवर रंगीत लाटा दाखवल्या. हा तुमचा दगड, हे तुमचे होल, इथून असा हादरा निघणार, ही घरं हिरवी दिसली तर सुरक्षित, लाल झाली तर धोका. शेठ नुसते 'वाह वाह' करत होते, जणू समोर मुजराच चाललाय. मग पूजा. लॅपटॉपला हळदकुंकू लावलं आणि नारळ त्याच्यासमोरच फोडला. नारळाचं पाणी उडालं ते सरळ कीबोर्डात. टायवाल्याचा चेहरा पाहण्यासारखा झाला होता. आमच्या घरी नारळबिरळ नाही, आम्ही बुद्धविहारात जाणारी माणसं, त्यामुळं मी मागे हात बांधून उभी होते आणि हसू दाबत होते. ते यंत्र कोरडं करायला शेठच्या जावयानं ते उन्हात ठेवलं. उन्हात! बाप्पा, काय अकलेचे तारे!

सॉफ्टवेअरला मी नावं ठेवणार नाही. ते गरीब आहे. सांगाल ते ऐकतं, विचाराल ते खरं सांगतं. होल कुठं, दारू किती, कोणता होल केव्हा फुटणार, सगळं भरायचं, मग ते सांगतं की कुठल्या घराला किती हादरा बसेल. मी केलेली फाईल ब्लास्टरच्या हातातल्या मशीनमध्ये जाते, आणि दगडात पुरलेला प्रत्येक डिटोनेटर त्या फाईलमध्ये लिहिलंय तेव्हाच फुटतो. मग ब्लास्टरचं काम काय? बटण दाबायचं आणि मिशीवर हात फिरवायचा. आमच्या ब्लास्टरच्या मिशा जाड आहेत, बाकी सगळं पातळ.

तर त्या सॉफ्टवेअरमध्ये आजूबाजूला काय काय आहे ते भरायचं असतं. एक यादी उघडते. पक्कं घर, कच्चं घर, कारखाना, पूल, ऐतिहासिक वास्तू. त्यातलं एक निवडायचं. मी टायवाल्याला विचारलं, विहीर कशात टाकू? तो म्हणाला, "कुआँ? मैडम, कुआँ तो गड्ढा है. गड्ढे का क्या टूटेगा?" आणि सगळे हसले. ब्लास्टरही हसला, ज्याच्या घरी स्वतःची विहीर आहे.

मला हसू आलं नाही, कारण मी माझ्या मावशीच्या विहिरीबद्दल विचारत होते.

खदान आणि मावशीचं घर यांच्यात धानाच्या दोन बांध्या आणि एक मोहाचं झाड, एवढंच. मावशीला मूलबाळ नाही. नवरा जाऊन बरीच वर्षं झाली. पावसाळ्यात धान होतो तो घरी खाण्यापुरता. तिचं खरं जगणं वांग्यांवर. हिवाळ्यात विहिरीच्या पाण्यावर ती वांगी लावते, काटेरी, जांभळी, बुटकी, आणि आठवडी बाजारात टोपली घेऊन बसते. दुपारच्या आत टोपली रिकामी. गिऱ्हाईक भाव करायला लागलं तर म्हणते, "परवडत नसन तं जा ना बाई, कायले हात लावून राहिली?" आणि गिऱ्हाईक मुकाट्यानं घेतं. दिराची मुलं कितीदा म्हणाली, काकू, आता आमच्याकडे येऊन राहा, जमीन आम्ही पाहतो. मावशी म्हणायची, विहिरीत पाणी आहे तोवर मी कोणाच्या चुलीशी बसणार नाही. इटियाडोहच्या धरणाचं पाणी तिकडं अर्जुनीकडे, त्यांची चैन आहे. आमच्या बाजूला कालवा नाही, बोअर मारली तर नुसती धूळ वर येते. त्यामुळं मावशीचं स्वतःच्या घरात स्वतःच्या मर्जीनं राहणं त्या विहिरीवर टांगलेलं होतं, आणि हे तिलाही माहीत होतं आणि मलाही.

विहीर दगडांनी बांधलेली. दगडांत सिमेंट नाही, एकावर एक बसवलेले. अशा विहिरीला हादरा म्हणजे काय ते मला सांगायला कोणी टायवाला लागत नाही. यादी खालीवर करून पाहिली. 'कच्चं घर' टाकलं असतं तर सॉफ्टवेअरनं बराच हादरा चालवून घेतला असता. सगळ्यांत कडक मर्यादा होती ऐतिहासिक वास्तूला. मी बेधडक तेच टाकलं. मावशीची विहीर, ऐतिहासिक वास्तू. त्यानंतर मी केलेला प्रत्येक ब्लास्ट त्या विहिरीला सांभाळून झाला. दारू कमी, डिले जास्त. विहीर नकाशावर हिरवीगार दिसायची आणि मला बरं वाटायचं.

मावशीला मी हे सांगितलं नव्हतं. तिला एवढंच माहीत होतं की बहिणीची पोरगी खदानीत डब्ब्यासमोर बसते. मधूनच विचारायची, "काऊन व, तुया डब्ब्याले माही विहीर दिसते का?" मी म्हणायची, दिसते मावशी, चांगली दिसते. "मंग झालं," म्हणायची आणि पिशवीत वांगी भरून द्यायची.

मग साहेब आला. मोठ्या रस्त्याचं काम निघालं होतं, त्याला गिट्टी आमच्या खदानीतून जायची होती, म्हणून शेठनं शहरातून हा मॅनेजर आणला. पांढरे बूट घालून खदानीत आला होता, तेव्हाच मी ओळखलं की हा आपल्याला काय काय दाखवणार आहे. त्याला सगळं स्क्रीनवर पाहिजे असायचं. पाऊस पडतोय का हे पाहायलाही मोबाइल काढायचा, दार दोन हातांवर असताना. बोलताना प्रत्येक वाक्यात एक इंग्रजी शब्द पेरायचा आणि मग तो उगवला का ते आपल्या तोंडाकडे पाहायचा.

रस्तावाल्यांची तक्रार होती की गिट्टी उशिरा मिळते. त्यांच्या प्रत्येक फोनमध्ये डिले, डिले, डिले. खरं कारण क्रशरचा पट्टा होता, तो सारखा तुटायचा आणि शेठ जुनाच सांधून घ्यायचे. पण ते शेठला कोण सांगणार? साहेब तर नाहीच. तो शेठसमोर बसताना खुर्चीच्या फक्त काठावर बसतो.

एक दिवस मी नेहमीसारखा ब्लास्टचा छापील आराखडा त्याच्या टेबलावर ठेवला. त्यानं बोट ठेवलं.

"मैडम, ये हर होल के सामने डिले क्यों लिखा है?"

मी म्हटलं, "साहब, वो अच्छा वाला डिले है."

"डिले अच्छा कैसे होगा? ये शीट क्लाइंट को जाती है. वो देखेगा, हर लाइन में डिले."

मी समजावलं. एसटीचं दारही सांगितलं. त्यानं मान डोलावली, डोळे मिटून डोलावली, आणि म्हणाला, "समझ गया. थोड़ा कम कर सकते हैं?" माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी म्हटलं, "साहब, कमी केला तर गावातली घरं हादरतील. हा उशीर नाही, ही सोय आहे." तो म्हणाला, "ओके, ओके, आप टेंशन मत लो." हे वाक्य ज्याच्या तोंडी येतं त्याच्यापासून माणसानं सावध राहावं, पण मी तरी काय करणार होते? फाईल बनवणारी मी, आणि सगळ्या फाईली उघडायचा पासवर्ड त्याच्याकडे. शेठनं दिलेला, कारण साहेब 'सीनियर' आहे.

माघ महिना होता. आमच्याकडे ड्रिल मारणारी माणसं बहुतेक गोंड, ती सगळी कचारगडच्या यात्रेला निघायची होती. यात्रेचे दिवस म्हणजे खदान बंद, हे मी आल्यापासून असंच आहे आणि त्यात कोणाचं काही बिघडत नाही. पण साहेबाला घाई. माणसं जायच्या आधी एक मोठा ब्लास्ट काढायचा, म्हणजे यात्रा होईपर्यंत क्रशरला दगड पुरेल. मी दोन दिवस खपून फाईल तयार केली, मोठा ब्लास्ट होता म्हणून डिले आणखी वाढवला, विहीर हिरवी आली, आणि दुसऱ्या दिवशीची रजा टाकून मी मावशीकडे गेले. तिची तोडणी होती, आणि तिची कंबर धरली होती.

त्या सकाळी आम्ही दोघी वांगी तोडत होतो. मावशीनं मोटार लावली होती, पाणी सरीसरीनं चाललं होतं. मग भोंगा वाजला. मावशी म्हणाली, "घे, वाजला तुया भोंगा," आणि सवयीनं घरात जाऊन फळीवरची भांडी खाली ठेवून आली. ब्लास्ट असला की ती असंच करायची. आम्ही अंगणात भिंतीपासून दूर उभ्या राहिलो.

आमच्या ब्लास्टचा आवाज मला माहीत आहे. गडगडत जातो, लांबून मालगाडी गेल्यासारखा. मी त्याची वाट पाहत होते. तो आलाच नाही. एकच आवाज आला. एकच! पायांखालून कोणी बुक्की मारावी तशी जमीन उचलली आणि खाली ठेवली. छपराची कवेलू खडखडली, कोंबड्या ओरडत उडाल्या, आणि माझ्या तोंडून निघालं, "मेल्यानं डिले काढला."

मावशी म्हणाली, "काय काढलं?"

मी उत्तर देणार तेवढ्यात विहिरीकडून आवाज आला. दगड पाण्यात पडल्याचा. मग आणखी एक. मग एकदम पुष्कळ. मावशी धावली. मी तिच्या मागे धावले आणि काठावर पोचायच्या आत तिचा पदर धरून तिला मागे ओढलं. खदानीकडची विहिरीची सगळी बाजू खाली बसली होती. मोटार पाईपसकट आत गेली होती. वरून पाहिलं तर पाणी दिसत नव्हतं, नुसता लाल चिखल उकळत होता.

मावशी रडली नाही. तिनं शिव्या दिल्या. खदानीकडे तोंड करून, हात वर करून, तिला येत होत्या तेवढ्या सगळ्या शिव्या दिल्या. "मसन्याहो, तुमचं पाणी तुटो! तुमच्या तोंडात कोणी थेंब नाही टाकणार!" मीही दिल्या. माझ्या शिव्या तिच्याइतक्या चांगल्या नाहीत, पण मला नाव माहीत होतं, म्हणून माझ्या नेमक्या होत्या.

तशीच स्कूटी घेऊन मी खदानीवर गेले. साहेब केबिनमध्ये माझ्या खुर्चीवर बसून चहा पीत होता. खूश होता. म्हणाला, "मैडम, देखा? एक झटके में पूरा माल! और शीट एकदम क्लीन, ज़ीरो डिले." ब्लास्टर बाजूला उभा. मी त्याला विचारलं, तुम्हाला मशीनवर सगळे शून्य दिसले नाहीत का? तो म्हणाला, "दिसले ना. मले वाटलं सॉफ्टवेअरमधी तसंच आलं असन." मिशी आहे म्हणून बरं, नाही तर तोंड कुठं लपवलं असतं या माणसानं?

मी साहेबाला विचारलं, "सॉफ्टवेअरनं अडवलं नाही तुम्हाला?" अडवलं होतं की! आणि हे त्यानं स्वतःच, हसत हसत सांगितलं. लाल रंगाचा मोठा चौकोन आला होता. लिहिलं होतं, जवळच्या ऐतिहासिक वास्तूला धोका आहे, पुढे जायचं का? "मैंने सोचा, यहाँ कौन सा ताजमहल है! आपने गलती से डाल दिया होगा. तो मैंने यस कर दिया." आणि तो खरंच हसला. चहा सांडेपर्यंत हसला.

आता कोणी शहाणा म्हणेल, बाई, तूच तर खोटं लिहिलं होतंस. म्हणू दे. 'कच्चं घर' लिहिलं असतं तरी त्यानं यस केलं असतं. 'शाळा, आत पोरं बसली आहेत' लिहिलं असतं तरी केलं असतं. ज्याला शीट स्वच्छ पाहिजे त्याला लाल चौकोन म्हणजे डाग, आणि डाग पुसायचा असतो.

दोन दिवसांनी मावशीच्या अंगणात बैठक झाली. साहेब, ब्लास्टर, सरपंच, गावातली माणसं. साहेबासाठी कुठून तरी खुर्ची आणली. मावशीनं शेजारून पाणी मागून आणून सगळ्यांना चहा दिला. सरपंच म्हणाले, "झालं कसं ते तं समजू द्या." साहेबानं घसा खाकरला आणि म्हणाला, "टेक्निकल इशू था. सॉफ्टवेअर में प्रॉब्लेम आ गया." झालं! सगळ्यांच्या तोंडावर सुटकेचं तेज आलं. सॉफ्टवेअरची चूक म्हटलं की कोणाशी भांडायची गरज नाही. ते काही अंगणात येऊन बसणार नाही, चहा पिणार नाही, पुढच्या निवडणुकीत उभं राहणार नाही. सरपंच म्हणाले, "मंग मशीनच्या पुढं माणूस काय करन?" आणि माना डोलायला लागल्या. इथंही त्याच माना.

मी उभी राहिले. म्हटलं, सॉफ्टवेअरनं नाही म्हटलं होतं. लाल अक्षरात म्हटलं होतं. या माणसानं हो म्हटलं. मी आराखडा केला होता, तो यानं बदलला, सगळे होल एकदम उडवले, कारण याला कागदावर डिले हा शब्द बघवत नाही. मी सगळं सांगितलं, एसटीच्या दारासकट, झाडीबोलीत, साहेबासारखे इंग्रजी शब्द न पेरता. एक म्हातारा म्हणाला, "पोरगी बराबर बोलून राहिली." बाकीचे साहेबाकडे पाहत राहिले, खुर्चीवर तो बसला होता म्हणून.

साहेब म्हणाला, "मैडम इमोशनल हो रही हैं, रिश्तेदारी है. अब बताइए, इन्होंने क्या लिखा था? मौसीजी का कुआँ, हिस्टोरिकल मॉन्युमेंट!" आणि माणसं हसली. मावशीच्या अंगणात, मावशीचा चहा पिऊन हसली. किळस आली मला. त्या साहेबाची येत होतीच, आता सगळ्या गावाची आली.

मावशीनं मला विचारलं, "कायले हासून राहिले हे?"

मी सांगितलं. तुझी विहीर मी कॉम्प्युटरमध्ये जुन्या किल्ल्यासारखी, लेण्यासारखी लिहिली होती, म्हणजे तिला कोणी हात लावू नये.

मावशी म्हणाली, "मंग बराबरच लिवलं ना. आमच्या लोकाइले गावच्या विहिरीवर चढू नाही दिलं म्हणून मायाच सासऱ्यानं खोदली ते. ज्याईनं चढू नाही दिलं त्याईचे नातू बसले आहेत अथी, माया चाय पिऊन राहिले. आणखी कोणता किल्ला पायजे?"

हसणं थांबलं. कोणी तरी कपाकडे पाहायला लागलं, कोणी मोबाइलकडे. साहेबाला काही कळलं नव्हतं, तो ब्लास्टरला हळूच विचारत होता, "क्या बोलीं?" ब्लास्टर म्हणाला, "कुछ नहीं साहब, पुरानी बात है."

ठरलं असं की खदानीनं विहीर साफ करून द्यायची. दिली. मशीन आली, दगड काढले, चिखल काढला, बाजू बांधली, आता सिमेंटनं. साहेबानं फोटो काढून घेतले. विहीर पहिल्यापेक्षा सुंदर दिसायला लागली. फक्त पाणी आलं नाही. झरा त्या हादऱ्यानं कुठल्या तरी फटीत उतरून गेला होता. दोनचार दिवस तळाला ओल होती, मग तीही सुकली. ब्लास्टर म्हणाला, पावसाळ्यात येईल. सरपंच म्हणाले, येईल. येणार नाही हे मला माहीत होतं. त्यांनाही होतं, पण येईल म्हणायला काय लागतं?

मी नोकरी सोडली का? नाही. लोक विचारतात. मी सोडली तर उद्या फाईल तो करेल. मावशीच्या पुढेही घरं आहेत. मी आता रोज त्या खुर्चीवर त्याच्या आधी जाऊन बसते, आणि शेठकडे डोकं आपटून आपटून पासवर्ड माझ्याकडे घेतलाय. साहेबाची बढती झाली. दोन खदानी बघतो आता.

विहीर पडली तेव्हा शेतात वांगी तशीच उभी होती. पहिले काही दिवस मावशीनं शेजारून घागरी आणून घातल्या. कंबर धरलेली, तरी. मग एक दिवस मी गेले तर ती शेतात होती आणि झाडं उपटत होती. फुलं होती झाडांना, बोटभर वांगी लागलेली होती. मी म्हटलं, "मावशी, हे काय? जिवंत आहेत अजून."

"म्हणूनच," ती म्हणाली. "तहानेनं मरताना पाहात बसू का? ये. ओढ."

मी ओढायला लागले. वांग्याचं झाड वाटतं त्यापेक्षा घट्ट असतं. हाताला काटे लागतात. मधेच ती म्हणाली की दिराचा मुलगा परवा बैलबंडी घेऊन येतो म्हणाला, सामान न्यायला. एवढंच. माझ्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं, आणि तेही मला रागानंच आलं. तिनं पाहिलं, आणि दुसऱ्या सरीकडे वळली.

शेवटी जेवढी खाण्याजोगी वांगी निघाली ती तिनं पिशवीत भरली आणि मला दिली. म्हणाली, "तुया साहेबाले दे."

मी ओरडलेच. "त्याला? त्यापेक्षा म्हशीपुढं टाक!"

"दे म्हणलं ना. त्याले बोलून नाही समजत. कायचं वाटोळं केलं ते खाऊन तरी समजन."

मी नेली. टेबलावर ठेवली, मावशीनं दिलीत म्हटलं, आणि बाहेर आले. दुसऱ्या दिवशी मी केबिनमध्ये गेले तर साहेब आधीच माझी वाट पाहत दारात उभा. चेहरा गंभीर. क्षणभर मला, मूर्ख मी, क्षणभर खरंच वाटलं की समजलं याला.

"मैडम," तो म्हणाला, "वो बैंगन! मेरी वाइफ ने बोला, ऐसा बैंगन ज़िंदगी में नहीं खाया. और मिलेंगे?"

"नाही साहेब," मी म्हटलं. "झाडं उपटली तिनं. पाणी नाही."

"अरे, चालू सीज़न में?" त्याला खरंच वाईट वाटलं. "मौसीजी को बोलिए, अगले साल ज़्यादा लगाएँ. मैं स्टाफ के लिए भी ले लूँगा."